ट्राम १९६४ लाच बंद झाली होती: ‘१९६८ चं प्रेम’ या मेसेजला उत्तर

एक लांबलचक मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. तुमच्याकडेही आला असेल. त्यातली गोष्ट थोडक्यात अशी. साल १९६८, शहर मुंबई. विशीतला एक मुलगा, नोकरी नाही आणि तिची फिकीरही नाही. दिवसभर शहरात भटकतो. ट्रामच्या मागच्या बाकावर एक मुलगी भेटते. पावसाळाभर दोघं समुद्राकाठी फिरतात, हातसुद्धा धरत नाहीत. दिवाळीनंतर मुलगी वडिलांच्या शब्दाखातर हसतमुखानं दुसऱ्याशी लग्न करते, मुलगा तिची आठवण उराशी धरून राहतो. मग खाली उपदेश: तेव्हा नोकऱ्या चालत यायच्या, शहर प्रेमिकांचं होतं, प्रेम पवित्र होतं आणि ताटातूट म्हणजे त्याग, आजच्या पोरांना हे कळायचं नाही.

गोष्टीबद्दल माझी तक्रार नाही. असे मुलगे होते, अशा मुली होत्या, अशी चार महिन्यांची प्रेमंही होती. (ट्राम मात्र नव्हती. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली आणि संपली. १९६८ मध्ये ट्राममध्ये भेटायचं तर कलकत्त्याला जावं लागलं असतं.) तक्रार आहे ती खालच्या उपदेशाबद्दल. त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य उलटं आहे.

आधी नोकऱ्यांचं. ‘चालत यायच्या’ म्हणे. १९६५ आणि १९६६ असा लागोपाठ दोन वर्षं देशात दुष्काळ पडला. रेशनच्या दुकानात पी. एल. ४८० या अमेरिकी मदत योजनेखाली आलेला अमेरिकन गहू मिळत होता. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं; कालपर्यंत ४ रुपये ७६ पैशांना मिळणारा डॉलर साडेसात रुपयांना झाला. १९६६-६७ या एका वर्षात घाऊक किमती साधारण १४ टक्क्यांनी चढल्या. सरकारनं खर्च आखडता घेतला, कारखान्यांच्या ऑर्डरी आटल्या, आणि देशात प्रथमच डिग्रीवाले इंजिनिअर मोठ्या संख्येनं बेकार दिसायला लागले. इंजिनिअरची ही गत, तर अकरावी (म्हणजे तेव्हाची मॅट्रिक) पास झालेल्या आणि टायपिंगची एक परीक्षा दिलेल्या मुलाला कोण विचारतो? तो एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालायचा आणि कॉलची वाट बघत बसायचा.

नोकऱ्या चालत येत असत्या तर १९ जून १९६६ ला शिवसेना निघालीच नसती. बाळ ठाकरे यांच्या ‘मार्मिक’ साप्ताहिकामध्ये ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली कंपन्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या छापून येत होत्या आणि मराठी पोरं त्या वाचून पेटत होती. त्या राजकारणाबद्दल ज्याचं त्याचं मत असू दे, माझं फारसं बरं नाही. पण पोटभर नोकऱ्या असलेल्या शहरात तशी यादी कुणी मन लावून वाचत नाही, एवढं खरं. १९६९ च्या फेब्रुवारीत सीमाप्रश्नावरून मुंबईत जाळपोळ झाली, त्यात रस्त्यावर कोण उतरलं होतं? हेच, ‘फिकीर नसलेले’ विशीतले मुलगे.

आणि भटकणं. मेसेजातला मुलगा हौसेनं भटकतो. गिरणगावातल्या बदली कामगाराचा दिवस कसा जायचा ते एकदा बघा. बदलीवाल्याला नोकरी आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. पहिल्या पाळीचा भोंगा सातचा. त्याआधी कार्ड खिशात घालून गिरणीच्या गेटाशी उभं राहायचं. कायम कामगारांतलं कोणी आज आलं नाही, तर त्याच्या जागी आत. सगळे आले, तर मुकादम हात हलवणार आणि आपण बाहेर. आता दुपारी साडेतीनच्या दुसऱ्या पाळीला परत यायचं. तिथेही नाही जमलं तर रात्री बाराला. मधल्या वेळात करायचं काय? घरी जावं तर खोलीत रात्रपाळीवाले झोपलेले. मग लालबागहून चालत भायखळा, राणीच्या बागेत एक चक्कर, तिथून चालत बोरीबंदर. बघणाऱ्याला वाटतं पोरगं भटकतंय. वर्षातले किती दिवस काम लागेल हे त्याला स्वतःला सांगता येत नाही, ते तो मुलीच्या बापाला काय सांगणार?

धोबीतलावच्या गोवेकरांच्या कुडांमध्येही असेच मुलगे सापडायचे, फक्त त्यांची वाट समुद्राकडे लागलेली. कूड म्हणजे गावानं मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेला क्लब. भाडं नाममात्र. प्रत्येकाची एक पेटी भिंतीला लावून ठेवलेली, रात्री तिच्यासमोर चटई. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचं, त्याला सुट्टी नाही. बाईमाणसाला आत मज्जाव. बोटीवरची नोकरी लागेपर्यंत महिनोन्‌महिने तिथे पडून राहायचं, आणि लागली की दोन-चार दिवसांत सामान उचलून चालू पडायचं. या मुलांची प्रेमं अल्पायुषी होती यात नवल ते काय! त्यांची तारीख बोटवाले ठरवत होते.

दुसरं वाक्य, ‘शहर प्रेमिकांचं होतं’. मला सगळ्यात खटकतं ते हे, कारण माझ्या मते त्या काळच्या प्रेमांचा निकाल मनांपेक्षा जास्त जागेनं लावला. १९६१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या साडेएक्केचाळीस लाख होती, १९७१ मध्ये ती साठ लाखांच्या उंबऱ्यावर होती. दहा वर्षांत अठरा लाख माणसं वाढली. ती राहिली कुठे? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीला गोठवली होती. ज्याच्या नावावर खोली होती त्याचं भलं झालं, पण भाड्यानं देण्यासाठी नवी चाळ बांधणं मालकाला परवडेना. नव्यानं येणाऱ्याला खोली हवी तर पागडी, म्हणजे भाड्याखेरीज एकरकमी रोख, मोजायची. पागडी घेणं कायद्यानं गुन्हा होता आणि पागडीशिवाय खोली मिळत नव्हती. मुंबईत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुखानं नांदत होत्या.

दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं हा काही गरिबीचा नमुना नव्हता, गिरगाव-परळमधली ती नेहमीची गोष्ट होती. मोठा भाऊ लग्न करून बायको घेऊन आला की मधोमध साडीचा पडदा लागायचा, म्हातारी मोरीच्या बाजूला सरकायची आणि धाकट्या भावांची अंथरुणं गॅलरीत. गॅलरीत आधीच शेजारच्यांची पोरं झोपलेली असायची, म्हणून जागा धरायला नऊलाच गोधडी टाकून ठेवायची. मेसेजातला प्रेमवीर बहुधा त्या गॅलरीतला धाकटा होता. त्याच्या लग्नाचा नंबर लागायचा तर दुसरा पडदा लावणार कुठे? स्थळ बघताना मुंबईत पगाराच्याही आधी ‘जागा आहे का?’ असं विचारत, ते उगीच नाही.

उरला समुद्र. कठड्यावर बसायला पैसे पडत नव्हते हे खरं. पण कठडा म्हणजे अर्ध्या शहराची बैठक, आणि आपल्या चाळीतलं कुणी ना कुणी तिथे यायचंच. शिवाय निळी हाफ पँट आणि पिवळी टोपी घातलेला हवालदार होता. मुंबई पोलीस कायदा १९५१ चा, त्यात सार्वजनिक जागी असभ्य वर्तनासाठी ११० वं कलम. जवळ बसलेल्या जोडप्याला हे कलम दाखवलं की मुलगी रडकुंडीला यायची, मुलगा खिसा चाचपायचा. इराण्याकडे पडदेवाली फॅमिली रूम असायची, तिथे तेवढं बसता यायचं. पण दोन चहांवर किती वेळ काढणार? गल्ल्यावरचा शेठ आणि टेबल पुसत घुटमळणारा पोऱ्या दोघंही घड्याळ बघत असत.

आता ‘पवित्र’ प्रेम. हातही न धरणारी जोडपी नक्कीच असतील. मात्र त्या काळाचा सरकारी कारभार वेगळंच सांगतो. १९६८ मध्येच सरकारनं ‘निरोध’ हे कंडोम बाजारात आणलं, १५ पैशांना तीन. ते विवाहितांसाठी होतं, मान्य. पण गर्भपाताचं काय? १९६४ मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपल्याच महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. चोरून, जीव धोक्यात घालून होणारे गर्भपात इतके होते की कायदा सैल करावा असं त्या समितीनं १९६६ च्या अखेरीस सुचवलं. कायदा झाला १९७१ मध्ये, लागू झाला १ एप्रिल १९७२ पासून. म्हणजे १९६८ मध्ये एखाद्या मुलीला दिवस राहिले, तर तिचा जीव वाचवण्याचं कारण सोडून गर्भपात हा दंडविधानाखाली गुन्हा होता. त्या वर्षातल्या प्रेमाला सरसकट पवित्र म्हणणारा माणूस या मुलींना हिशेबातून वगळतो. मुलगा आठवण उराशी धरून राहिला, ठीक आहे. पण काहींना त्या पावसाळ्याची किंमत वेगळ्या रीतीनं चुकवावी लागली, आणि त्यांची गोष्ट ग्रुपवर फिरत नाही.

आणि लोक तेव्हा असलं वाचत-लिहीत नव्हते असंही नाही. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयानं लेखकाला २५ रुपये दंड केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट १९६९ मध्ये लेखक सुटला. समाजाचे निकष झपाट्यानं बदलताहेत हे न्यायालयानं निकालात नोंदवलं. कथा काय, तर एका माणसाच्या आयुष्यात एकामागून एक आलेल्या बायका. दिवाळी अंक काही लपूनछपून छापले जात नाहीत, ते घरात सगळ्यांसमोर पडलेले असतात.

राहिला त्याग. ‘वडिलांच्या शब्दाखातर हसतमुखानं’. या मुलीला मेसेजात नाव नाही, काम नाही, मत नाही. माझी मावशी त्या वर्षांत फोर्टातल्या एका कंपनीत टायपिस्ट होती. पगाराचं पाकीट न फोडता घरी आणायचं, त्यातून आजोबा तिला पास आणि हातखर्च काढून द्यायचे. तिला मेसेज वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, “हसतमुखानं कसली? माझ्या ऑफिसातली एक आठवडाभर रजेवर होती, आली ती मंगळसूत्र घालूनच. टाइपरायटरवर बसली आणि दुपारपर्यंत कुणाशी बोलली नाही.” मावशीच्या मते अशा मुलींची लग्नं घाईनं होत, कारण घरी कुणकुण लागलेली असे. धाकटीचं लग्न थोरलीवर अडलेलं असे हेही एक. आणि कमावती मुलगी घरातून गेली की पाकीटही जातं, म्हणून काहींची लग्नं मुद्दाम लांबवलीही जात, हे ती जरा हळू आवाजात म्हणाली.

पळून जाऊन लग्न करायचं तर? कायदा होता, १९५४ चा विशेष विवाह कायदा. मुलगा २१ चा, मुलगी १८ ची, झालं. पण आधी तीस दिवसांची नोटीस द्यायची, आणि ती नोटीस नाव-पत्त्यासकट विवाह नोंदणी अधिकाऱ्याच्या कचेरीत, कुणालाही वाचता येईल अशा जागी लागणार. जात वेगळी किंवा धर्म वेगळा असलेल्या जोडप्याला तो महिना कसा काढावा लागत असेल, याची कल्पना करा. नातेवाइकांपैकी एखाद्याला कचेरीच्या फळ्यापाशी चक्कर मारायला सांगितलं की काम झालं. दोघंही हिंदू असतील तर वैदिक पद्धतीनं झटपट उरकता यायचं, अनेकांनी उरकलंही. पण हार घालून बाहेर पडल्यावर प्रश्न तोच: जायचं कुठे? मित्राच्या खोलीवर चार दिवस. पाचव्या दिवशी मित्राच्या आईचा चेहरा बघून डोंबिवलीला कुणाची जागा मिळते का ते शोधायचं, आणि तिथेही डिपॉझिट. याला त्याग म्हणणं म्हणजे घरमालकाचं श्रेय प्रेमिकांना देणं झालं.

आजच्या पिढीबद्दलच्या वाक्यावर फार शाई घालवत नाही. भेटण्याची साधनं बदलली हे उघड आहे. पण लग्न न झालेल्या जोडप्याला सोसायटी खोली देत नाही, अकरा महिन्यांचा करार संपला की बॅगा भरायच्या, नोकरी कॉन्ट्रॅक्टवर. बदलीवाल्याला हे ऐकवलं असतं तर त्याला काही समजावून सांगावं लागलं नसतं.

मेसेजासोबत एक कृष्णधवल फोटोही फिरतोय, ‘मरीन ड्राइव्ह, १९६८’ असं लिहिलेला. पाठमोरं जोडपं, समोर वळत गेलेला कठडा, टोकाला उंच इमारती. त्यातली एक एअर इंडिया बिल्डिंग आहे. ती १९७४ मध्ये पुरी झाली. १९६८ मध्ये त्या टोकाला समुद्रात भराव घालायचं काम चालू होतं.