राखी डोक्याचा पक्षी

नातेवाइकांत मी पक्षितज्ज्ञ म्हणून ओळखला जातो. याचं मूळ एका मुंजीत आहे. कार्यालयामागच्या झाडीतून 'कूप कूप कूप' असा घुमणारा आवाज आला आणि मी जिलबी मोडता मोडता म्हणालो, "भारद्वाज." कुणीतरी जाऊन पाहिलं, तर भारद्वाजच निघाला. मला तो एकच आवाज ओळखता येतो, हे मी तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण पंगतीत तेवढ्यात माझा मान वाढला होता.

गेल्या फेब्रुवारीत सकाळी सहाला साडूंचा फोन आला. साडूंनी सासवडजवळ अकरा गुंठे घेऊन ठेवलेत. "प्लॉटवर वाळवंटी चिमणी आलीय. अत्यंत दुर्मिळ! फोटो पाठवलाय, बघा."

फोटोत माती होती आणि मातीत मातीच्याच रंगाचं ढेकूळ होतं. मी बराच वेळ त्या ढेकळाला चोच शोधत होतो.

वाळवंटी चिमणी आहे, नाही असं नाही. पण ती राहते सहारात. सासवडला यायचं तर तिला आधी अरबी समुद्र ओलांडावा लागेल आणि मग हडपसर. समुद्राचं एक वेळ जमेल. मात्र चिमणीहून थोडा लहान, काळ्या डोक्याचा एक चंडोल सहारा-अरबस्तानापासून आपल्या कच्छ-राजस्थानापर्यंत असतो. तो इकडे भरकटला तर बातमी होईल. हे मी मनात ठेवायला हवं होतं. फोनवर बोललो. त्यामुळे रविवारी पहाटे पाचला साडू दारात गाडी घेऊन हजर.

दिवे घाट चढून उजाडता उजाडता पोचलो. प्लॉटवर एक पत्र्याची शेड, 'ही जागा विकणे नाही' असा बोर्ड आणि बाकी सगळं कुसळी गवत.

"पहिली परीक्षा चालीची," मी दबक्या आवाजात म्हणालो. "चिमणी दोन्ही पाय जुळवून टुणटुण उड्या मारते. चंडोल आपल्यासारखा एकेक पाय टाकत चालतो." म्हणायला सोपं होतं. टाचणीएवढे ते पाय गवताआड काय करतात हे बघायला आम्ही दोघं पालथे पडलो. वीस मिनिटांत पक्ष्याचा एकही पाय दिसला नाही. कुसळं मात्र मोजे भेदून पार घोट्यापर्यंत पोचली. त्यातली तीन सोमवारी कचेरीत सापडली.

"तो बघा, तारेवर!" साडू ओरडले.

"चंडोल तारेवर सहसा बसत नाही हो. याचा सगळा संसार जमिनीवर, घरटंसुद्धा. ती आपली साधी चिमणी."

"बरं. पण आवाज वेगळाच होता. कुकरची शिट्टी पडायच्या आधी वाफ धरते ना, तसा," म्हणून त्यांनी शीळ घालून दाखवली. फोनवरच्या अ‍ॅपने ती लक्षपूर्वक ऐकली आणि 'कोतवाल' असा निकाल दिला. कोतवाल नकला करण्यात पटाईत असतो, असं मी सांगितलं. साडूंना ते आवडलं नाही.

तेवढ्यात समोरच्या ढेकळांमधलं एक ढेकूळ उडालं. भरभर पंख मारत वर गेलं, पंख मिटले आणि डोकं खाली करून लांबलचक शीळ घालत सरळ कोसळलं. आता आपटणार, म्हणून साडूंनी माझा दंड धरला. तो पठ्ठ्या मध्येच सावरून पुन्हा वर! मग पुन्हा खाली, पुन्हा शीळ. असे तीनचार झोके घेऊन तो एका ढेकळावर येऊन बसला, जणू काही झालंच नाही.

"डोंबारी चंडोल!" मी म्हणालो. हे नाव ज्याने ठेवलं, त्याने हाच खेळ पाहिला असणार.

"दुर्मिळ?"

"पुण्याभोवतीच्या कुठल्याही माळावर जा."

साडूंचा चेहरा पडला. "पण ते काळ्या डोक्याचं काय म्हणालात? पोट तर काळंच दिसतंय."

"पोट दोन्ही नरांचं काळं. फरक डोक्यात." मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. "टाळू बघा. राखी आहे ना? माझ्यासारखी? हा आपला नेहमीचा. त्या वाळवंटातल्याची टाळू काळीकुळकुळीत असते, फक्त कपाळाजवळ पांढरा…"

इथे माझं लक्ष साडूंच्या डोक्याकडे गेलं. कलप लावून महिना झाला असावा. वर काळंभोर, कपाळाजवळ दोन बोटं पांढरं. मी थांबलो, पण उशीर झाला होता. साडूंनी दुर्बीण खाली ठेवली, डिकीतून टोपी काढली आणि घालून बसले. सासवडला मिसळ खातानाही ती उतरली नाही.

पुढच्या आठवड्यात मेव्हणीकडे वाढदिवसाला भेटलो. या वेळी कपाळाजवळही कलप होता, थोडा कपाळावरसुद्धा. आता ते कुठल्याच पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाहीत.