कोरम पूर्ण होता

नागपुरी माणूस तोंडावर नकार देत नाही. "पाहू नं भाऊ," म्हणतो, आणि समोरचा त्याचं नाव वहीत टाकून मोकळा होतो. गेल्या हिवाळ्यात माझं नाव अशा बऱ्याच वह्यांत गेलं. सोसायटीचा सचिव, माजी विद्यार्थी मेळाव्याचा समन्वयक, एका स्मरणिकेचा संपादक. शिवाय भाच्याच्या लग्नपत्रिकेचा मजकूर. "तुम्ही तं लेखक, दोनच ओळी लिहाच्या आहे!" गावभरच्या दोन-दोन ओळी लिहून रात्री दिवाणावर आडवा व्हायचो. बायको अधूनमधून पाय हलवून पाहायची.

तेवढ्यात दिवाळी अंकाचा फोन आला. १९०९ साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक भर उन्हाळ्यात आकाशकंदील लावतो. मुंबई-पुण्याकडे जमत असेल. इथे नवतपा लागलेला, पारा ४५ वर, कूलरच्या आवाजात स्वतःचा विचारही ऐकू येत नाही.

तरी बसलो. पहिलं वाक्य उतरलं: "नायिका खिडकीत उभी होती. कोरम पूर्ण होता."

खोडलं. पुढे नायक म्हणाला, "माझे तुझ्यावर प्रेम आहे. तरी सदर बाबीवर उचित कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती." नायिकेनं विषय पुढील सभेपर्यंत तहकूब केला. पाऊस आला, तोही अध्यक्षांच्या परवानगीनं, आयत्या वेळच्या विषयांत.

मित्र म्हणाला, "फुटाळा तलावावर जाऊन बस, सुचते." बसलो. पाण्याकडे पाहून काही सुचायच्या आत पाठीवर थाप पडली. "अरे भाऊ! तुम्हालेच शोधून राह्यलो होतो." रक्तदान शिबिराचं सूत्रसंचालन. मी म्हणालो, "पाहू नं."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तेव्हा सारं शहर इडापिडा तिच्याबरोबर धाडतं. माझ्या समित्याही धाडायच्या आहेत. पण तोवर अंक छापखान्यात गेलेला असतो. मारबतीला लेखकांचं वेळापत्रक कोणी कळवलेलं दिसत नाही.

शेवटी खोडणं सोडलं. जे येईल ते येऊ दिलं. नायकानं इतिवृत्तावर हरकत घेतली, नायिकेनं ती फेटाळली, आणि मला कित्येक महिन्यांनी लिहिताना हसू आलं. बायकोनं पानं वाचली. चष्मा काढून म्हणाली, "ही बाई कोण आहे हो? आमच्या भिशीचा हिशेब लिहायला येते का, विचारा नं."