राखीगढीच्या त्या बाईने नेमकं काय सांगितलं?

“राखीगढीच्या सांगाड्याच्या डीएनएने सिद्ध केलं की आर्य बाहेरून आलेच नाहीत. सिंधू संस्कृती हीच वैदिक संस्कृती. उलटं सांगणारे सगळे इंग्रजांच्या कटाला बळी पडलेले.” हा मजकूर गेली काही वर्षं फिरतोय, आणि त्याला सिनौलीचे रथ नि सरस्वतीचं पात्रही जोडलेलं असतं. तो वाचून मला मनापासून वाईट वाटतं. त्यात सांगितलेले शोध खरे आहेत, कष्टाने लागलेले आहेत. त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र त्या शोधांत नाही.

आधी डीएनए, कारण सगळा भर त्यावरच आहे. हरियाणातल्या हिसार जिल्ह्यात राखीगढीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केलं. आपल्याकडच्या उष्ण हवेत हाडांतला डीएनए फार काळ तग धरत नाही. साठाहून अधिक नमुने तपासले, तेव्हा कुठे एका बाईच्या सांगाड्यातून कामापुरता डीएनए हाती लागला. ही बाई साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची. स्टेपी पशुपालकांचा, म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेपासून कझाकस्तानपर्यंत पसरलेल्या गवताळ प्रदेशातल्या लोकांचा अंश तिच्यात आढळला नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. शेती इराणी शेतकऱ्यांनी इथे येऊन रुजवली, या जुन्या समजुतीलाही त्या निबंधाने मोठा धक्का दिला. इथवर मजकुराशी माझं भांडण नाही.

पण आज उत्तर भारतातल्या बहुतेक समाजांत तो स्टेपी अंश आहे, काही समाजांत तर ३० टक्क्यांच्या घरात. तिच्यात नव्हता आणि आज आहे, तर तो मधल्या काळात आला. सरळ हिशेब आहे. त्याच दिवशी ‘सायन्स’मध्ये ५२३ प्राचीन माणसांच्या जनुकांवरचा दुसरा निबंध आला. हा अंश इ.स.पू. २००० ते १५०० च्या दरम्यान दक्षिण आशियात पोचला, असं त्यात म्हटलंय. डॉ. शिंदे यांचं नाव या दोन्ही निबंधांच्या लेखकांत आहे. मजकूर पसरवणारे पहिला निबंध दाखवतात, दुसऱ्याचं नावही काढत नाहीत. स्थलांतर झालंच नाही, हे त्या बाईवरून सिद्ध होत नाही. ती त्याआधीची आहे, एवढंच कळतं. जनुकांवरून भाषा कळत नाही, हे मलाही मान्य आहे. पण म्हणूनच त्या बाईच्या तोंडी संस्कृत घालण्याचाही अधिकार कुणाला नाही.

आता सिनौली. उत्तर प्रदेशातल्या बागपत जिल्ह्यात २०१८ मध्ये तांब्याने मढवलेल्या गाड्या सापडल्या, साधारण इ.स.पू. २००० च्या. शोध विलक्षण आहे. उत्खनन करणारे त्यांना घोड्याचे रथ मानतात, पण चाकं भरीव आहेत आणि घोड्याचा सांगाडा तिथे मिळालेला नाही. ऋग्वेदातल्या रथाच्या चाकांना आरे आहेत. त्यात अश्वमेधाची सूक्तं आहेत, दधिक्रा नावाच्या घोड्याची स्तुती आहे. घोडा वजा केला तर ते काव्य उभंच राहत नाही. याउलट हडप्पाच्या मुद्रांवर एकशिंगी प्राणी, वशिंडाचा बैल, हत्ती, गेंडा, वाघ सगळे आहेत, घोडा नाही. कच्छमधल्या सुरकोटडा या हडप्पाकालीन स्थळाची हाडं घोड्याची, असं प्राण्यांच्या हाडांचे अभ्यासक बोकोनी यांनी म्हटलं. त्याच विषयातले दुसरे अभ्यासक मेडो यांना ते पटलं नाही. ती हाडं घोड्याचीच असं मानलं, तरी मूठभर हाडांवर अश्वप्रधान समाज उभा करता येत नाही. आणि प्राचीन गाडी म्हटली की घोडाच, असंही नाही. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादचा तो देखणा कांस्यरथ आठवा. त्याला दोन बैल जुंपलेले आहेत.

सरस्वतीबद्दल थोडक्यात. सरस्वती मानल्या जाणाऱ्या घग्गर-हाक्रा नदीच्या काठी हडप्पाकालीन वस्त्या भरपूर आहेत, हे निर्विवाद. नदी बारमाही कधीपर्यंत होती यावर मात्र भूशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. २०१७ च्या एका अभ्यासानुसार सतलजने ते पात्र सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच सोडलं होतं. २०१९ चा दुसरा अभ्यास प्रवाह साडेचार हजार वर्षांपूर्वीपर्यंत चालू होता असं मांडतो. दोन्हींतून पाण्याचा काळ कळतो. काठावरचे लोक काय बोलत होते, हे कळत नाही.

राहिला इंग्रजांचा कट. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी मोहेंजोदडोच्या सांगाड्यांवरून तिथे आर्यांनी कत्तल केली असं म्हणत इंद्राला आरोपी ठरवलं, ते चूकच होतं. १९६४ मध्ये पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी त्या ‘कत्तली’ला आधार नसल्याचं दाखवून दिलं. तेव्हापासून स्वारीची कल्पना मागे पडली. आज चर्चा आहे ती लहानमोठ्या टोळ्यांच्या, काही शतकं चाललेल्या स्थलांतराची. मजकूर स्वारी खोडतो आणि स्थलांतर खोडल्याचं जाहीर करतो. आणि कटाचं म्हणाल, तर महाराष्ट्राचाच इतिहास पाहा. आर्य उत्तर ध्रुवाकडून आले असं लोकमान्य टिळक मांडत होते. महात्मा फुले आर्यभटांना, म्हणजे ब्राह्मणांना, इराणातून आलेले मानत. आर्यांच्या स्वारीला वेदांत आधार नाही, असं डॉ. आंबेडकरांनी ठामपणे लिहिलं. तिघांची मतं तीन, आणि यांतल्या एकालाही इंग्रजांचा हस्तक म्हणायची हिंमत कुणी करू नये. मला टिळकांचा ध्रुव पटत नाही, पण त्यांच्या देशप्रेमाशी त्याचा काय संबंध?

शेवटी, हडप्पाची लिपी अजून वाचता आलेली नाही. लेख सरासरी पाच चिन्हांचे, आणि द्विभाषी लेख एकही मिळालेला नाही. लिपीचे अभ्यासक आस्को परपोला आणि इरावतम् महादेवन यांनी आयुष्याची अनेक वर्षं त्यात घातली. त्या लेखांमागे द्राविडी भाषा असावी असं दोघांचं मत, पण तेही सिद्ध झालेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडू सरकारने ती उलगडणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. राखीगढीची ती बाई आपल्या लेकराला कोणत्या भाषेत हाक मारत होती, हे सांगणारा तो मजकूर कशाच्या आधारावर सांगतो, एवढं तरी त्याने लिहावं.