सापडलेल्या लॅपटॉपवर विश्वास किती ठेवायचा?

बापूचा हरवलेला लॅपटॉप परत मिळाला याचा आनंद कट्ट्यावर सर्वांनाच झाला. वाद पेटला तो त्याच्या पुढच्या वाक्यावरून. "एकही फाइल गेलेली नाही, पासवर्ड होताच, म्हणजे आता काळजीचे कारण नाही," असे तो म्हणाला आणि अण्णांनी त्याला तिथेच थांबवले. फाइल चोरणाऱ्याला ती जागेवरून हलवावी लागत नाही, तिची प्रत निघते आणि मूळ फाइल जिथल्या तिथे राहते, हा त्यांचा मुद्दा मला निर्विवाद वाटला. पासवर्डाचेही तसेच आहे. विंडोज सुरू होताना विचारला जाणारा पासवर्ड फक्त त्या विंडोजपुरता असतो. पेनड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली सुरू केली किंवा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, की तो विचारणारे कुणी उरतच नाही. डिस्कच एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात साठवलेली असेल तर गोष्ट वेगळी. बापूने विंडोजमधली ती सोय, बिटलॉकर, कधी सुरूच केली नव्हती.

मास्तरांचा भर नोंदी तपासण्यावर होता. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४६२४ क्रमांकाच्या नोंदी पाहिल्या तर लॉगिन केव्हा झाले ते कळते, मशीन केव्हा सुरू झाले याच्याही नोंदी मिळतात, आणि लॅपटॉप हरवलेला असतानाच्या काळात तिथे काही नसेल तर कुणी हात लावला नाही असे धरायला हरकत नाही, असे ते म्हणत होते. अण्णांना हे मान्य नव्हते. या नोंदी त्याच विंडोजने लिहिलेल्या असतात. ते सुरूच न करता डिस्क वाचली तर नोंद करणार कोण? फाइल शेवटची केव्हा उघडली ही वेळ तर विंडोज व्हिस्टा या आवृत्तीपासून मूळ सेटिंगमध्ये नोंदवलीच जात नव्हती, आणि डिस्क 'फक्त वाचण्यासाठी' जोडली तर ती वेळ बदलण्याचा प्रश्नच येत नाही.

इथे मास्तरांनी काढलेला मुद्दा मात्र खरोखर मोलाचा होता. डिस्क स्वतःचाही हिशेब ठेवते. ती किती वेळा सुरू झाली, किती तास चालली आणि एनव्हीएमई या वेगवान प्रकारची असेल तर एकूण किती वाचली गेली, हे आकडे तिच्याच आत साठतात, मग ती कुठल्याही संगणकाला जोडलेली असो. वाचनाचे एक एकक ५,१२,००० बाइटचे असते. म्हणजे ५१२ जीबीची डिस्क आरंभापासून शेवटपर्यंत कॉपी केली, तर तो आकडा सुमारे १० लाखांनी वाढतो. अडचण एवढीच, की तुलनेसाठी आधीचा आकडा हाताशी हवा, आणि तो टिपून ठेवणारा माणूस विरळाच. बापूकडे तो नव्हता.

वकीलताईंनी मग २००६ सालचे उदाहरण दिले. अमेरिकेच्या माजी सैनिक कल्याण खात्याच्या एका कर्मचाऱ्याच्या घरातून मे महिन्यात लॅपटॉप आणि बाहेरून जोडायची डिस्क चोरीला गेली. सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची माहिती त्यात होती. जूनअखेरीस ते साहित्य सापडले आणि माहिती वाचली गेली नसावी, असा निष्कर्ष एफबीआयने तपासणीअंती काढला. तरीही २००९ मध्ये दावा मिटवताना त्या खात्याने २ कोटी डॉलर द्यायचे मान्य केले. "बघा, तपासणीतून कळते तर!" असे मास्तर म्हणाले. माझ्या मते या उदाहरणाचा अर्थ तेवढा सरळ नाही. तज्ज्ञांची यंत्रणा राबवूनही हाती आली ती दाट शक्यता. माग सापडला तर डिस्क वाचली गेली हे सिद्ध होते, पण माग न सापडल्याने ती वाचली गेली नाही हे सिद्ध होत नाही, आणि बापूला आज निर्णय घ्यायचा आहे तो याच कमकुवत बाजूवर उभे राहून.

म्हणून माहिती गेली असे धरूनच चालावे, या मताकडे मी आणि अण्णा वळलो. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या यंत्रावरून, कारण परत आलेल्या लॅपटॉपवर टंकलेले टिपणारे काही बसवले असेल तर नवा पासवर्डही जाईल. सुरुवात मेलच्या खात्यापासून करावी, कारण बाकीची बहुतेक खाती त्याच्याच आधारे पुन्हा उघडता येतात. शिवाय 'सर्व उपकरणांतून साइन आउट' करायलाच हवे. ब्राउझरमध्ये उघडी राहिलेली खाती पासवर्ड न विचारता चालतात, ही गोष्ट बापूच्या गावीही नव्हती. बँकेला कळवणे, डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणे हे ओघाने आलेच. पुसण्याआधी संपूर्ण डिस्कची प्रत घेऊन ठेवावी, म्हणजे पुढे तक्रार करायची झाल्यास पुरावा राहील, ही वकीलताईंची सूचना मात्र आमच्यापैकी कुणालाच सुचली नव्हती.

बापू अडला तो ग्राहकांना कळवण्यापाशी. तो इतरांचे हिशेब लिहितो आणि त्यांची ओळखपत्रे त्या डिस्कवर होती. "काही झालेच नसेल तर उगाच घबराट कशाला?" असे तो विचारत राहिला. वकीलताईंनी ठामपणे सांगितले, की ती माहिती तुझी नाही, तेव्हा धोका पत्करायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकारही तुझा नाही. बापूला ते पूर्णपणे पटले असे म्हणता येणार नाही, पण ग्राहकांची यादी आठवून लिहायला त्याने तिथेच सुरुवात केली.