सेल्फ ड्राइव्ह

"ड्रायव्हर मराठीच होता म्हणे तुमचा. बरा होता का?"

हा प्रश्न मागच्या रविवारी पार्ल्यात, माझ्या देखत, माझ्या मित्राला विचारला गेला. मी सोफ्यावर बसलो होतो, हातात साबुदाणा वड्याची बशी होती. मित्राने माझ्याकडे बघितलं, वहिनींनी मित्राकडे, आणि मग दोघंही खो खो हसले. "अहो काका, हाच तो!" म्हणजे बघा, प्रश्नातला एक शब्दही त्याने दुरुस्त केला नाही. फक्त बोट दाखवलं.

मी अकरा वर्षं म्युनिकला नोकरी करतोय. सध्या तीन आठवडे सुट्टीवर मुलुंडला आईकडे. गेल्या मे महिन्यात हा मित्र, वहिनी आणि चिरंजीव आमच्याकडे आले, आणि मी त्यांना माझ्या गाडीतून म्युनिक, शाफहाउझन, इंटरलाकेन, फ्लोरेन्स, पिसा, व्हेनिस आणि परत म्युनिक असं फिरवून आणलं. नऊ दिवस, त्यातले सात माझ्या रजेतले. दोन हजार किलोमीटरच्या वर. इतकी पार्श्वभूमी पुरे.

तर रविवारी त्याच सहलीचे फोटो बघायला बोलावलं होतं. मुलुंडहून दादर, दादरला पूल ओलांडून पार्लं, त्यात रविवार असल्यामुळे ब्लॉक. घरी दहा-बारा माणसं, मोठ्या टीव्हीला जोडलेला मोबाइल, आणि मित्र हातात रिमोट घेऊन उभा. "आपण काही टूरवाल्यांबरोबर नाही गेलो. ते सकाळी सहाला उठवतात. आपण सेल्फ ड्राइव्ह केलं."

यातला सेल्फ कोण, हे सांगायचं राहून गेलं.

वास्तविक तो अंधेरीच्या आरटीओत हजार रुपये भरून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आला होता. विमानतळावर उतरल्या उतरल्या ते पुस्तक त्याने मला दाखवलं. "अर्धं अर्धं चालवू. तुला आराम." मी भोळा. दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये त्याला सरावाला बसवलं. उजवीकडे वळायचं म्हणून त्याने सिग्नल दिला, तर वायपर सुरू झाले. आपल्याकडे सिग्नलची दांडी उजव्या हाताला, तिकडे डाव्या. बंद करायला गेला, काचेवर पाणी उडालं. कडक ऊन, गाडी ताशी सात किलोमीटरने चाललेली, वायपर फुल स्पीडला, आणि ट्रॉली ढकलणारी एक आजी जागच्या जागी थांबून आमच्याकडे बघत होती. साधारण दोनशे मीटर गेल्यावर तो उतरला. "तूच चालव रे. तुला सवय आहे." अर्धं अर्धं वाटून झालं.

फोटो एकूण चारशेबारा. त्यातल्या एकात माझं कोपर आहे. आणखी एकात, वहिनींनी मागच्या सीटवरून काढलेल्या सेल्फीत, आरशात माझे डोळे दिसतात. तांबारलेले आहेत.

आता त्या काकांविषयी. हे खालच्या मजल्यावरचे. बेस्टमध्ये बत्तीस वर्षं काढून स्टार्टर (म्हणजे बस वेळेवर सोडणारे) म्हणून निवृत्त झालेले. पांढरा लेंगा, वर स्वेटर (मुंबईत डिसेंबरमध्ये पारा वीसवर आला की लोक स्वेटर काढतात, तसा), आणि खिशाला पेन. मीच तो, हे कळल्यावर त्यांनी खुर्ची उचलली आणि टीव्हीकडे पाठ करून थेट माझ्यासमोर मांडली. तेवढा मान मला त्या दिवशी दुसऱ्या कोणी दिला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

"पासिंग कुठलं?"

"म्युनिकचं. पाटीवर पहिलं अक्षर एम असतं."

"एम म्हणजे महाराष्ट्र."

"नाही, एम म्हणजे म्युनिक."

"एच नाही पुढे?"

"नाही."

"हं," काका म्हणाले. कागदपत्रांत काहीतरी कमी आहे आणि ते आपल्या लक्षात आलेलं आहे, असा तो हं होता. "स्टेअरिंग डावीकडे, म्हणजे पॅसेंजर उतरणार उजवीकडून. मग स्टॉप कुठल्या बाजूला?"

"काका, माझी मोटार आहे. बस नाही."

"तेच विचारतोय. स्टॉप कुठल्या बाजूला?"

मी सांगितलं, उजव्या. त्यांचं समाधान झालं. पुढे अ‍ॅव्हरेज, डिझेल की पेट्रोल, हवा कोण भरतं. मी म्हटलं, मीच भरतो. क्लीनर? क्लीनर नाही. काचा? काचाही मीच. "चार-चार कामं एका माणसाला," काका पुटपुटले आणि मान हलवली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, कोणीतरी मोजतंय.

मग ते टोलवर आले. मी सांगितलं, जर्मनीत ऑटोबानवर मोटारीला टोल नाही. स्वित्झर्लंडमध्ये मात्र चाळीस फ्रँकचा एकच वार्षिक पास घ्यावा लागतो. तुम्ही चार दिवस जा नाहीतर रोज जा, मोटारीला छोटा पासच नाही. आदल्या डिसेंबरच्या १ तारखेपासून पुढच्या वर्षीच्या ३१ जानेवारीपर्यंत, असा चौदा महिने चालतो.

काका ताठ बसले. "म्हणजे पास अजून चालू आहे?"

"आहे की. जानेवारीअखेरपर्यंत."

"आणि गाडी?"

"म्युनिकला. पार्किंगमध्ये."

"पास चालू आणि गाडी डेपोत." त्यांना ते सहनच होईना. दोन मिनिटं ते काही बोलले नाहीत. टीव्हीवर ऱ्हाइनचा धबधबा आला होता. दीडशे मीटर रुंद आणि तेवीस मीटर उंच. मे महिन्यात तो धबाबा कोसळत असताना मित्राने काठावर उभं राहून सांगितलं होतं, "आपलं ठोसेघर याच्यापेक्षा उंच आहे." उंच आहेच, मी नाही कुठे म्हणतो? पण त्यासाठी मी तीनशे किलोमीटर गाडी मारली नव्हती.

इथे एक विषयांतर करतो, कारण मनात सलतंय. या मंडळींच्या व्हिसासाठी मला एक "साधं पत्र" द्यायचं होतं. त्या साध्या पत्राचं जर्मन नाव उच्चारायला एक श्वास पुरत नाही. सरकारी कचेरीत जाऊन, माझ्या पगाराच्या पावत्या आणि घराचा करार दाखवून, फी भरून मी लिहून दिलं, की हे लोक आजारी पडले तर खर्च माझा, परत गेले नाहीत तर त्यांना परत पाठवायचा खर्चही माझा. समोरच्या बाईंनी दोनदा विचारलं, तुम्हाला याचा अर्थ कळलाय ना? मी म्हटलं, कळलाय, बालमित्र आहे. आता वाटतं, तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं.

बालमित्राचं एकच पालुपद होतं, "हिशोब शेवटी करू." आणि मी शब्द काढला की, "तुला काय रे, युरोत पगार." युरोत पगार असतो तेव्हा भाडंही युरोतच असतं, कांदेही युरोतच असतात, हे मुंबईत कोणाला पटवून देता येत नाही. स्वतःच्या खर्चाच्या वेळी मात्र त्याचं गणित पक्कं. जर्मनीत हायवेवरच्या स्वच्छतागृहाला एक युरो पडतो. प्रत्येक वेळी आतून हाक यायची, "शंभर रुपये!" बाहेर येताना एक युरोचं कुपन मिळतं, तिथल्याच दुकानात चालतं, पण तिथली कॉफी चार युरोंची, म्हणजे ती घेणं आलंच नाही. नऊ दिवसांची सगळी कुपनं त्याने जपून पार्ल्यात आणली. रविवारी शोकेसमध्ये बघितली, पिसाच्या प्लास्टिकच्या मनोऱ्याखाली ठेवलीत. पिसावरून आठवलं, तो मनोरा मी पाहिलेला नाही. मी पार्किंग शोधत होतो. व्हेनिसमध्ये गाड्या चालत नाहीत, तेवढं एक शहर मला बघायला मिळालं.

काका आता ड्युटीवर आले होते.

"एका दिवसात जास्तीत जास्त किती तास मारली?"

"व्हेनिसहून म्युनिक. ब्रेनरच्या घाटात रांग होती. अकरा तास."

"अकरा!" ते ओरडले. दोन बायकांनी वळून बघितलं. "तिकडे नियम नाहीत?"

मी सांगितलं, ट्रक आणि बसवाल्यांना आहेत. सलग साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटं थांबायचंच, आणि दिवसाला साधारण नऊ तास. घरच्या गाडीला कोण विचारतंय?

"रिलीव्हर कोण होता?"

मी मित्राकडे बघितलं. तो रिमोटची सेलं काढून परत घालत होता.

"गोटहार्डचा बोगदा जवळजवळ सतरा किलोमीटरचा आहे, काका," मी म्हणालो. माझा आवाज थोडा चढला होता, मान्य करतो. "सतरा किलोमीटर. समोरासमोर गाड्या, मध्ये फक्त रंगाचे पट्टे. यांनी मला बोगदा आला की उठव म्हणून सांगितलं होतं. उठवलं. 'हां हां' म्हणाले आणि पुन्हा झोपले. तिघंही."

"पॅसेंजर झोपतो," काका शांतपणे म्हणाले. "पॅसेंजर झोपला म्हणजे ड्रायव्हिंग चांगलं."

बत्तीस वर्षांच्या नोकरीतून आलेलं ते प्रशस्तिपत्रक होतं. त्यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही, म्हणून मी अजून एक वडा घेतला.

तेवढ्यात फ्लोरेन्स आलं. "आणि इथे तर," मित्र म्हणाला, "त्या मोठ्या चर्चच्या जवळपर्यंत गाडी नेली आम्ही! टूरच्या बस लांब थांबतात, लोक चालत येतात. आपण थेट."

पडद्यावर मित्र गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता, माझ्या गाडीच्या. आणि त्याच्या डाव्या खांद्यामागे, स्पष्ट, पंचावन्न इंची टीव्हीवर तर अगदी वीतभर दिसावी अशी, पांढऱ्यावर लाल वर्तुळाची पाटी होती. इटलीतल्या जुन्या गावांत या पाटीच्या आत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. माणूस नसतो, कॅमेरा असतो. मी त्या दिवशी म्हणालो होतो, इथून पुढे नको. "अरे दोन मिनिटं," मित्र म्हणाला होता, "ह्याचे पाय दुखतायत." ह्याचे म्हणजे चिरंजीवांचे. चिरंजीव अकरावीत आहेत.

इटलीबाहेरच्या गाडीमालकाला दंडाची नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवस मिळतात. मला ती नोव्हेंबरात आली. एक नाही, तीन आल्या. आत जाताना एक, आणि बाहेरचा रस्ता शोधताना आणखी दोन कॅमेऱ्यांखालून गेलो होतो म्हणून दोन. पाच दिवसांत भरले तर तीस टक्के सूट, म्हणून मी लगोलग भरून टाकले. सूट धरूनही बऱ्यापैकी घाव बसला. त्या तिन्ही नोटिसांच्या प्रती त्या क्षणी माझ्या झोळीत होत्या. आईने दिलेल्या तिळाच्या लाडवांच्या डब्याखाली. एकांत बघून, हसत हसत विषय काढायचा असं दादरच्या पुलावर ठरवलं होतं. ट्रेनमध्ये वाक्यही जुळवलं होतं: "अरे, एक गंमत झाली."

एकांत मिळेना. शेवटी मी कागद काढून काकांनाच दाखवले. का, ते मला माहीत नाही. आपल्या बाजूचा तोच एक माणूस आहे असं वाटलं असेल.

काकांनी चष्मा लावला. इटालियन मजकूर त्यांनी वरपासून खालपर्यंत, बोट फिरवत, पूर्ण वाचला. पुन्हा पहिल्या पानावर आले.

"मेमो आहे हा."

"हो."

"लाइन चुकलात."

"काका, मी नको म्हणत होतो. पार्टीने सांगितलं म्हणून—" मी थांबलो. पार्टी. हा शब्द माझ्या तोंडातून आला होता.

"पार्टी काय, काहीही सांगेल," काकांनी कागदांची व्यवस्थित घडी घालून मला परत दिली. "पॅसेंजर म्हणतो, जरा पुढे सोडा, सिग्नलला सोडा. सोडायचं का? स्टेअरिंगवर कोण? मेमो ड्रायव्हरच्याच नावावर निघतो. निघायलाच पाहिजे."

"काय रे, काय झालं?" मित्राने तिकडून विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. "आमचं डिपार्टमेंटचं आहे."

निघताना वहिनींनी आग्रहाने चॉकलेटची पिशवी दिली. "परदेशातलं आहे, मुद्दाम तुमच्यासाठी ठेवलं होतं." ते मी ओळखलं. ते माझ्या बायकोने त्यांच्यासाठी घेतलं होतं. पिशवीवर आमच्या घराखालच्या दुकानाच्या किमतीची चिठ्ठी तशीच होती. मित्र दारापर्यंत आला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी नॉर्वे करू. गाडी तुझीच."

काका गेटपर्यंत सोडायला आले. त्यांची भाची, जावई आणि जावयाचे आईवडील मे महिन्यात तिकडे जाणार आहेत. माझा नंबर त्यांनी खिशातल्या पेनाने, दुधाच्या बिलामागे लिहून घेतला. "दर किलोमीटरमागे घेता की दिवसाचा?" मी म्हटलं, कळवतो. मग त्यांनी रस्त्यात उतरून रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला बजावलं, "स्टेशन. अपना आदमी है, ड्रायव्हर है. बराबर ले के जाना."

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "कौनसी गाडी चलाते हो?"

"फोर व्हीलर. बाहर की लाइन."

"पार्टी कैसी रहती है?"

मी स्टेशनपर्यंत बोलत होतो. सगळं सांगितलं. बोगदा, कुपनं, तीन मेमो. मध्ये एकदा त्याने सिग्नलला इंजिन बंद करून "अरे बाप रे" म्हटलं. पार्ले स्टेशनला उतरलो तेव्हा मीटर कमीत कमी भाड्यावरच होता, सव्वीस रुपये. मी तीस काढले. त्याने दहा परत केले.

"सव्वीस झाले ना?"

"रहने दो. अपने लाइन का आदमी है."

मी त्याला काही समजावून सांगितलं नाही. दहाची नोट घेतली, नोटिसांच्या घडीत ठेवली, आणि दादरची गाडी पकडली.