वेळ असतो तिला!

आज सोसायटीत सत्यनारायणाला गेले होते. यजमानीण वहिनींनी माझी चित्रं व्हॉट्सॲपवर पाहिली होती. प्रसादाचा द्रोण हातात देताना चारचौघींत म्हणाल्या, "हिला बरा वेळ असतो बाई! आम्हाला मेलं श्वास घ्यायला फुरसत नाही." आणि त्याच बैठकीत एका वेबसिरीजचे सगळे सीझन, कोण कुणाला का मारतं इथपर्यंत, सांगून झाले. तेव्हा गप्प बसले. आता राहवत नाही.

मी बँकेत जाते, दोन डबे करते, सासूबाईंची औषधं बघते. वेळ मला कुणी घरपोच आणून देत नाही.

माझे बाबा बडोदा-भरूच अपडाउन करायचे. डब्यात पत्त्यांचा अड्डा जमायचा, गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी टाकून. बाबा खिडकीशी बसून झोपलेल्या माणसांचे हात काढायचे. चेहरे नाहीत, हात. डुलकीत मान सारखी कलंडते, हात मांडीवर पडून राहतात, म्हणायचे. बोटभर उरलेली पेन्सिल, ब्लेडने तासलेली. पत्तेवाले त्यांना शिष्ट म्हणायचे. म्हणोत! त्या वह्या आज माझ्या कपाटात आहेत. पत्त्यांचे डाव कुणाच्या कपाटात आहेत?

आणि अहो, हे बडोदं आहे! नामवंत चित्रकार भूपेन खख्खर १९६२ साली इथे आले. शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट. कितीतरी वर्षं कंपनीत अर्धवेळ हिशेब लिहून ते चित्रं काढत राहिले. त्यांच्याच गावात आपण फुरसतीच्या नावाने रडतो!

दमून आल्यावर काहीतरी बघत पडावंसं वाटतं, मान्य. मीही बघते. पण एक भाग संपतो न संपतो तोच दुसरा आपोआप सुरू होतो, तो काय आपल्या सोयीसाठी? नेटफ्लिक्सचा तेव्हाचा प्रमुख रीड हेस्टिंग्ज याने २०१७ मध्ये उघड सांगितलं होतं की आमची स्पर्धा तुमच्या झोपेशी आहे. हे ऐकूनही राग येत नाही आपल्याला?

मी रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावते. वही टेबलावर उघडी, पेन्सिल तासलेली, चित्र मुद्दाम अर्धवट सोडलेलं. कोऱ्या पानाशी सकाळी हात अडतो. अर्धवट रेघ मात्र चहा उकळायच्या आत पुढे सरकते. ही बाबांचीच रीत. भरूच आलं की हात अर्धा राहायचा. मग संध्याकाळच्या गाडीत दुसऱ्याच कुणाची तरी बोटं त्याला जोडायचे. त्यांच्या वहीत अंगठा एकाचा आणि करंगळी भलत्याचीच, असे कितीतरी हात आहेत.

लिहिता लिहिता वहिनींवरचा राग ओसरला. कारण याच वहिनींची दिवाळीतली रांगोळी मी पाहिली आहे. गेरूवर काढलेला मोर, पिसाऱ्याची रेघ चिमटीतून अशी सुटलेली की कुठे जाड नाही, कुठे तुटलेली नाही. ठिपके नाहीत, छाप नाही. तो हात वर्षभर नुसता स्क्रीन वर सरकवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. वहिनी, हे तुम्ही वाचत असाल तर रागावू नका.

रविवारी सकाळी सातला मी कमाटीबागेत बँडस्टँडजवळ चित्र काढत बसणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी या. चित्र नको असेल तर लिहा, विणा, गाणं बसवा. जास्तीच्या वह्या मी आणते. फोन मात्र ॲक्टिव्हाच्या डिकीत ठेवून यायचा.