टाकीत डोकावल्याशिवाय नाही

माझ्याकडे १९९८ सालची कार्बोरेटरवाली मोटरसायकल आहे आणि माझी उजवी पोटरी डाव्या पोटरीपेक्षा जाड आहे. या दोन गोष्टींचा संबंध रोज सकाळी पार्किंगमध्ये बघायला मिळतो. कॉक ऑन, चोक वर, किल्ली फिरवली, किक. परत किक. सातव्या किकला शर्ट पँटच्या बाहेर, अकराव्याला हेल्मेट आरशावर, आणि पंधराव्याच्या आसपास कोणीतरी लांबून विचारतंच, "पेट्रोल आहे ना?"

या प्रश्नाचा मला फार राग आहे. म्हणजे मी काय इतका हा आहे का? मग मी टाकीचं झाकण उघडतो, गाडी गदागदा हलवून आतला डुबुकडुबुक आवाज त्या माणसाला ऐकवतो, झाकण लावतो, आणि त्या रागात ज्या चारपाच किका बसतात त्यात गाडी एकदाची सुरू होते.

महिनाभर हेच चाललं होतं. आधी संशय ठिणगी पाडणाऱ्या प्लगवर घेतला, कारण प्लग काढता येतो, बाकी काही मला काढता येत नाही. प्लग काळाकुट्ट निघाला तर पेट्रोल जास्त जातंय, ओला निघाला तर गाडी ओव्हर झालीय, म्हणजे इंजिन पेट्रोलने तुंबलंय, अशा वेळी चोक बंद करून ॲक्सिलेटर पूर्ण पिळून किका मारायच्या, हे सगळं मला पाठ आहे. माझा प्लग निघाला ठणठणीत कोरडा. कोरडा म्हणजे पेट्रोल वरपर्यंत पोचतच नाहीये, इतकं सरळ उत्तर हातात होतं, तर मी काय केलं, नवीन प्लग आणला! त्याचा गॅप ०.७ मिलिमीटर आहे की नाही ते फीलर गेजच्या पातळ पट्टीने बघितलं, प्लग कॅपमध्ये खोचून इंजिनाला टेकवला आणि करंट येतोय का बघायला हाताने किक दाबली. करंट येत होता. कोपरापर्यंत येत होता.

तोवर बिल्डिंगमधे बातमी झालेली. तळमजल्यावरचे काका रोज गॅलरीत उभे राहायला लागले. त्यांचा उपाय एकच, "अहो, आडवी करा, डाव्या बाजूला झोपवा आणि उभी करा." दुसरे एकजण म्हणाले चोक लावूच नका, तिसरे म्हणाले फुल चोक ठेवा. मी काकांना नीट समजावून सांगितलं, की बघा, गरम इंजिनाला एक ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा चालते, पण थंड इंजिनात पेट्रोलची धड वाफच होत नाही, अर्धं तर भिंतींनाच चिकटून बसतं, म्हणून चोक लावून हवा कमी करायची म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढतं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "असं होय. मग आडवी करून बघा."

शेवटी मेकॅनिककडे नेली. त्याने कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, खोलला, पेट्रोल साठणारी खालची वाटी काढली, त्यात तळाला थोडासा पिवळट चिकट गाळ होता, आणि त्याने पायलट जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी छोटीशी नळी, काढून उजेडासमोर धरला. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, आणि गाडी थंड असताना सगळा कारभार त्या भोकावर. मी आपला तयारीचा माणूस, खिशातून सेफ्टी पिन काढून पुढे केली. त्याने माझ्याकडे असं बघितलं की बस. "साहेब, पिन घालू नका, भोक मोठं होतं, मग प्यायला लागते गाडी." वायरमधली तांब्याची एकच तार घेऊन त्याने ते साफ केलं, हवा मारली, सगळं जोडलं. तिथे पहिल्या किकला सुरू झाली. घरी आलो, शेवटच्या वळणावर नेहमीसारखे दोन आचके दिले, ते मी नेहमीसारखे वयाच्या खात्यावर टाकले. सकाळी परत पंधरा किका.

त्या दिवशी संध्याकाळी बायको म्हणाली, "तुला एक सांगू? तू टाकीत डोकावलास की सुरू होते ती."

मी हसलो. कार्बोरेटरवर महिनाभर वाचन केलेल्या माणसाला असं कोणी काही सांगितलं की हसूच येतं.

दुसऱ्या दिवशी मात्र कोणी बघत नाही असं बघून, एकही किक न मारता आधी झाकण उघडलं. फुस्स! असा लांबलचक आवाज आला, टाकीने आत श्वास घेतला अक्षरशः. झाकणाला एक बारीक भोक असतं, पेट्रोल जेवढं खाली जाईल तेवढी हवा तिथून आत यायला हवी. ते बुजलं की स्ट्रॉच्या वरच्या टोकाला बोट दाबल्यासारखं होतं, पेट्रोल आहे तिथेच लटकून राहतं, कार्बोरेटरची वाटी अर्धीमुर्धी कोरडी, आणि रात्रीच्या गारव्याने टाकीतली हवा अजून आक्रसते. ते आचके वयाचे नव्हतेच. झाकण उलटं करून बघितलं तर भोकात पांढरं, खडूसारखं वाळलेलं काहीतरी गच्च बसलेलं. पॉलिश! महिन्यापूर्वी एका रविवारी मीच अख्खी गाडी घासूनपुसून चकाचक केली होती, झाकण तर दोनदा.

खिशात तीच सेफ्टी पिन होती. इथे भोक मोठं झालं असतं तरी कोणाची हरकत नव्हती.

झाकण लावलं, चोक वर, किक. पहिल्याच किकला सुरू झाली, इतकी हळू आवाजात की मला कळलंच नाही आणि मी सवयीने दुसरी किक हाणली. चालू इंजिनावर किक मारल्यावर आतून जो खर्रर्र आवाज येतो तो ऐकून काका गॅलरीत आले.

"अहो, पेट्रोल आहे ना?"

मी झाकणाकडे हात नेला होता, मागे घेतला.